हातोडा क्रमांक तीनजवळची मुलाखत

मंगळवार, दिनांक ११ फेब्रुवारी २०२५, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. वज्रधारा फोर्जिंग्ज या कारखान्याच्या प्रतीक्षाकक्षात तेवीस उमेदवार होते, बावीस खुर्च्या होत्या आणि जागा एक होती.

तेविसावी उमेदवार दिपाली परशराम ढवळशंख खिडकीपाशी उभी होती. डाव्या अंगठ्याला बांधलेला लाल दोरा ती उजव्या हाताने चाचपत होती. दोरा नवसाचा नव्हता की कुठल्या देवळातलाही नव्हता. पहाटे तिच्या आईने, शालूबाईंनी, मागाशेजारच्या कांडीवरून हातभर धागा तोडला होता आणि तीन वेढे देऊन गाठ मारली होती. गाठ मारताना त्यांनी बजावले होते, “बोलायच्या आधी ह्याच्याकडं बघायचं. बघितलंस की आवाज खाली आणायचा.”

ढवळशंखांचे घर बेळगावच्या खासबागेत. पुढच्या सोप्यात चार यंत्रमाग, मागे स्वयंपाकघर, मधे भिंत अशी नाहीच. सकाळी सात ते रात्री आठ चारही माग साड्या विणत असत आणि चार मागांचे धोटे एकाच वेळी इकडून तिकडे धावू लागले की शेजारी बसलेल्या माणसाचे बोलणे ऐकू येत नसे. अशा घरात बोलण्याच्या दोनच रीती टिकतात. एक, बेंबीच्या देठापासून ओरडायचे. दुसरी, आवाज मुळीच न काढता ओठ मोठाले हलवायचे आणि उरलेले हातांनी सांगायचे. दोन बोटे एकमेकांवर घासली की धागा तुटला, कानाची पाळी ओढली की माग थांबव, अंगठा ओठाला लावला की चहा झाला. दिपाली चार वर्षांची असल्यापासून या दोन्ही रीतींत तरबेज होती. अडचण एवढीच होती की पहिली रीत माग बंद असतानाही सुटत नसे. तिने जेवताना मीठ मागितले तर तिसऱ्या घरातल्या जयाबाई तिथूनच विचारत, “किती पायजे?” वर त्या असेही म्हणत की आडनावातच शंख आहे तिथे पोरीने तरी काय करावे.

यांत्रिकी अभियांत्रिकीत दिपालीला पहिला वर्ग होता आणि गेल्या सात महिन्यांत तिच्या चार मुलाखती झाल्या होत्या. हुबळीला एका साहेबाने तिचे पहिले उत्तर ऐकून खुर्ची वीतभर मागे घेतली होती. कोल्हापूरच्या कंपनीतल्या एका ओळखीच्या लिपिकाने तिच्याबद्दलचा शेरा फोनवर वाचून दाखवला होता. ‘तांत्रिक ज्ञान उत्तम. उमेदवार भांडत असल्यासारखी बोलते.’ उरलेल्या दोन ठिकाणांहून काही कळलेच नाही. म्हणून तिने शहापुरातल्या एका खाजगी शिकवणीला एक मार्चपासून गणित शिकवायला यायचा शब्द दिला होता. जयाबाईंच्या मते हे उत्तमच होते, माईकचा खर्च वाचला असता. पण दिपालीला यंत्रांजवळ काम करायचे होते. ही पाचवी मुलाखत हुकली तर खडू हातात घ्यायचा, हे तिने स्वतःशी पक्के केले होते.

“बसा की इथं,” खिडकीजवळच्या खुर्चीवरचा एक उमेदवार उठून म्हणाला. “मी समर्थ. निपाणीचा. पाचच्या एस्टीनं आलतो, बसून बसून कंटाळलोय.” त्याचा आवाज आकाशवाणीवर बातम्या सांगाव्यात असा होता, भारदस्त आणि गुळगुळीत.

दिपालीने दोऱ्याकडे पाहिले आणि पुटपुटली.

“आं?” समर्थ म्हणाला.

“नको म्हणते मी,” दिपाली म्हणाली. बावीस माना वळल्या.

अकरा वाजून वीस मिनिटांनी तिचे नाव पुकारले गेले. मुलाखतीच्या खोलीत जाड गालिचा होता, काचा दुहेरी होत्या आणि वातानुकूलन यंत्र इतके हळू चालत होते की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू यावा. टेबलामागे दोघे होते. मनुष्यबळ विभागाच्या प्रिया उपाध्ये, पस्तिशीच्या, पुढ्यात शेरे लिहायचा छापील तक्ता. दुसरे घडाई विभागाचे प्रमुख अभिनंदन मगदूम. ते निपाणीजवळच्या आक्कोळचे, घरी तंबाखूची शेती, वय सत्तावन्न. सूर्य मावळायच्या आत जेवण्याचा नेम त्यांनी तीस वर्षांच्या नोकरीत मोडला नव्हता. त्यामुळे त्यांच्या मुलाखती पाचच्या पुढे कधी जात नसत आणि प्रश्न नेमके असत.

“नमस्कार,” दिपाली म्हणाली.

टेबलावरचा पाण्याचा पेला हलला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. प्रियाताईंचे पेन मात्र कागदावर थांबले. दिपालीने अंगठ्याकडे पाहिले.

“लोखंडाला घडाईपूर्वी किती तापवतात?” मगदूमांनी विचारले.

तिचे ओठ हलले. मगदूम पुढे झुकले. “जरा मोठ्यानं.”

“बाराशे अंश, सर.”

मगदूम मागे सरले. “जरा हळू.”

पुन्हा ओठ हलले. प्रियाताईंनी कानामागे हात धरला. असे तीन प्रश्न झाले. उत्तरे तिन्ही बरोबर होती, फक्त त्यांतले एक खोलीबाहेर ऐकू गेले आणि दोन खोलीतही पुन्हा पुन्हा विचारून घ्यावी लागली.

मगदूमांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बाळ, तुझ्या आवाजाला मधला गिअर न्हाय का?”

“आमच्या घरी लागत न्हाय, सर,” दिपाली म्हणाली आणि दोऱ्याकडे पाहायला विसरली.

मगदूम हसले. प्रियाताईंनी तक्त्यात काहीतरी लिहिले. दिपालीला कागद उलटा दिसत होता, पण संवादकौशल्याचा रकाना कुठे असतो हे आता तिला पाठ होते आणि पेन तिथेच होते.

तरीही ज्ञानाच्या गुणांवर ती पुढच्या फेरीसाठी निवडलेल्या सहांत आली. या फेरीची रीत मगदूमांनी स्वतः घालून दिली होती. उमेदवाराला कोरा कागद द्यायचा, चालत्या यंत्राजवळ वीस मिनिटे उभे करायचे आणि दुखणे काय ते लिहायला सांगायचे. दुखणे खोटे नसे. या वेळी ते हातोडा क्रमांक तीनचे होते. तिथे मालमोटारीच्या इंजिनातला दांडा घडवला जाई आणि गेले काही दिवस दर दोनशे दांड्यांमागे चोवीस नापास होत होते. पृष्ठभागावर खड्डे पडत. कारण सापडत नव्हते.

विभागाच्या दाराशी रखवालदाराने ट्रे पुढे केला. त्यात पाच अंगठ्या आणि एक कडे होते. “बांगडी, अंगठी, दोरा, काय असंल ते काढा. यंत्रात अडकतंय.”

दिपालीने अंगठा मुठीत घेतला. “एवढा राहू दे की. आईनं बांधलाय.”

“माझ्या आईनं ताईत बांधलता,” रखवालदार म्हणाला. “तो बी घरी ठेवून येतो.” त्याने कात्री काढली, दोरा कापला आणि ट्रेमध्ये ठेवला. मग तिच्या हातावर कानांत घालायचे दोन बोळे दिले.

आत घडाईचे पाच हातोडे चालू होते. दोन टनांचे धूड वरून सुटे, खालच्या साच्यात ठेवलेल्या लालभडक लोखंडावर आदळे आणि तो ठोका कानांतून नव्हे तर तळपायांतून वर येई. एक ठोका विरायच्या आत शेजारच्या हातोड्याचा दुसरा. पिवळ्या रेषेमागे मगदूम आणि प्रियाताई उभे होते. मगदूमांनी काहीतरी सांगितले ते प्रियाताईंना कळले नाही, त्यांनी विचारले ते मगदूमांना कळले नाही. शेवटी दोघांनी घड्याळाकडे बोट दाखवून समजूत करून घेतली.

दिपालीचे खांदे सकाळपासून पहिल्यांदाच सैल झाले. चार मागांच्या जागी पाच हातोडे, एवढाच काय तो फरक.

हातोडा क्रमांक तीनवर मारुतीराव मण्णूरकर होते. हिंडलग्याचे, सकाळी म्हशीची धार काढून कामावर येणारे. एकतीस वर्षे याच हातोड्यावर काढल्याने त्यांची ऐकण्याची शक्ती बरीचशी त्यालाच अर्पण झाली होती. आधीच्या पाचही उमेदवारांनी त्यांना प्रश्न विचारले होते. समर्थने तर आपल्या भारदस्त आवाजात, अगदी त्यांच्या कानाशी. मारुतीरावांनी प्रत्येकाला एकच उत्तर दिले होते, “व्हय, व्हय.” पाचही कागदांवर तापमान कमीजास्त होत असावे, असे लिहिले गेले होते.

दिपाली पिवळ्या रेषेवरून थोडी बाजूला सरकली आणि मारुतीरावांच्या नजरेसमोर येऊन उभी राहिली. त्यांनी चिमट्याने दांडा उचलून बाजूला टाकला, नजर वर केली, तेव्हा तिने हात हलवला आणि ओठ मोठाले करून, आवाज न काढता विचारले, “मामा, ह्याचं दुखतंय कुठं?”

मारुतीरावांचा चिमटा अर्ध्यात थांबला. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिले. मग त्यांचेही ओठ हलले, तसेच, आवाजाशिवाय. “तू कुणाची गं?”

“खासबागच्या मागवाल्यांची.”

“तरीच,” मारुतीराव म्हणाले. पुढचा तुकडा साच्यात ठेवून त्यांनी चार ठोके मारून घेतले आणि पुन्हा तिच्याकडे वळले. आता त्यांचे ओठ थांबेनात. एका हाताने चिमटा, दुसऱ्या हाताने खुणा. “ती फुंकणी बघ. डावीकडली.”

दिपालीने पाहिले. तापलेल्या लोखंडावर काळ्या खपल्या धरतात. त्या साच्यात पडून राहिल्या तर पुढच्या दांड्यात रुततात आणि खड्डा पडतो. म्हणून दर ठोक्यानंतर हवेचा झोत सोडून साचा साफ करायचा असतो. त्या झोताच्या नळीला इथले कामगार फुंकणी म्हणत.

“नवी जाळी बसवली सुरक्षेची,” मारुतीरावांनी हाताने चौकोन काढला. “तवापास्न फुंकणी चार बोटं वर गेली. वारं साच्याच्या डोक्यावरनं जातंय. डावा कोपरा साफच होत न्हाय.”

“किती दिस झालं?”

त्यांनी दोन्ही पंजे दोनदा उघडले आणि वर दोन बोटे दाखवली. बावीस.

“कुणास्नी सांगितलं न्हाय?”

“सांगितलं की दोघास्नी. मान हलवून गेलं. मी बी तसाच मान हलवतो लोकांस्नी, मग रागवू कुणावर?” मारुतीराव हसले, आणि अंगठा ओठाला लावून त्यांनी विचारले, “तुमच्यात बी चहाला असंच?”

“असंच,” दिपाली म्हणाली.

वीसपैकी नऊ मिनिटे झाली होती. उरलेल्या अकरांत तिने जे केले ते तिच्या प्राध्यापकांना आवडले असते. ती नापास दांड्यांच्या पेटीपाशी गेली, जाड हातमोजे मागून घेतले आणि आदल्या दिवशीचे चोवीसच्या चोवीस दांडे एका दिशेने रांगेत मांडले. एकवीस दांड्यांचे खड्डे एकाच टोकाला होते. तापमानाचा दोष असता तर खड्डे दांडाभर विखुरले असते. तिने कागदावर साच्याचे चित्र काढले, डावा कोपरा रेघांनी भरला, फुंकणी आज कुठे आहे आणि कुठे हवी ते बाणांनी दाखवले. खाली लिहिले, ‘जाळी बसवल्यापासून बावीस दिवस फुंकणी वर. माहिती मारुतीराव मण्णूरकर यांची. दांडे मी मोजले.’

ती बाहेरच्या बोळात आली, मागोमाग मगदूम आणि प्रियाताई. मगदूमांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. “हे तुला मारुतीनं सांगितलं?”

“व्हय, सर.”

“त्याला तर ऐकू येत न्हाय.”

“ऐकू येत न्हाय, सर. बोलता येतंय की.” बोळ शांत होता आणि अंगठा मोकळा, त्यामुळे हे वाक्य कारखान्याच्या लेखा विभागातही पोचले असावे.

मगदूमांनी कागदाची घडी घातली. मारुतीराव त्यांच्याआधी एक वर्ष लागलेले. दोघांनी एकाच बाकावर डबे खाल्ले होते. “बावीस दिवस,” ते म्हणाले. “मी रोज त्याच्यापुढनं जातोय. रोज मान हलवतोय.”

“सर, पण बाकीच्या पाच जणांनी तापमान लिहिलंय,” प्रियाताई म्हणाल्या. त्यांना कुणाचे वाईट चिंतायचे नव्हते, त्यांचे काम तक्ता भरण्याचे होते. “आणि समर्थचं बोलणं खरंच चांगलं आहे. कारण फुंकणीचं नसेल, तर मला त्यांचंच नाव पुढं करावं लागेल.”

“बरोबर आहे,” मगदूम म्हणाले. “मापानं ठरवू. आज दुसऱ्या पाळीत फुंकणी खाली घेतो. बाकी कशाला हात लावत न्हाय. दोनशे दांडे काढतो. थंड होऊन, छऱ्यांच्या माऱ्यानं साफ होईस्तोवर खड्डे दिसत न्हाईत, म्हणजे निकाल उद्या. दुपारी एक ते दोनच्या मधे फोन करीन. उचल म्हणजे झालं.”

दिपाली गेटवर आली तेव्हा रखवालदाराने लाल दोरा कागदात गुंडाळून तिला परत दिला.

बुधवारी सकाळी ढवळशंखांच्या घरात एक प्रश्न उभा राहिला, जो माग बसल्यापासूनच्या सव्वीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. चार माग चालू असताना फोन ऐकू कसा येणार? दिपाली म्हणाली की ती फोन हातात धरून बसेल, थरथरला की कळेल. तिचे वडील परशराम यांना मात्र आठवण होती. गेल्या वर्षी एका व्यापाऱ्याचे तीन फोन असेच थरथरून गेले होते. मागाने जमीनच इतकी थरथरते की फोन कुठला आणि माग कुठला हे हाताला कळत नाही.

“मी गच्चीवर जाऊन बसते, आप्पा.”

“मागाचा आवाज तिथं बी येतोय.”

“मग गल्लीच्या टोकाला.”

“उन्हात? आणि तिकडं सहा माग हाईत कल्लाप्पाचं.” परशराम उठले, भिंतीजवळ गेले आणि दुपारी बाराला पाच मिनिटे असताना त्यांनी विजेचा खटका खाली ओढला.

चारही धोटे जिथल्या तिथे थांबले. स्वयंपाकघरात शालूबाईंच्या हातची भाकरी थापण्याचा आवाज ऐकू आला. त्या स्वतःच दचकल्या.

खासबागेत भर दुपारी, वीज असताना, एखाद्या घरचे चारही माग थांबतात ते एकाच कारणाने. पाचव्या मिनिटाला जयाबाई पदर डोक्यावर घेऊन ओट्यावर आल्या आणि दबक्या आवाजात विचारले, “कोण गेलं?”

“कोण गेलं न्हाय,” परशराम म्हणाले. “फोन यायचाय.”

“कुणाचा?”

“कारखान्याचा. दिपूचा निकाल.”

जयाबाईंनी पदर खांद्यावर घेतला आणि ओट्यावर मांडी घातली. त्यांच्यामागून सांत्वनाला निघालेले आणखी लोक आले, एकाच्या हातात तर विड्यांचे बंडल होते, मयताच्या घरी बसायला लागेल म्हणून आणलेले. आलेल्या प्रत्येकाला कारण सांगितले गेले आणि कुणी परत गेले नाही. एक वाजेपर्यंत ओट्यावर अकरा माणसे झाली. शालूबाईंनी अकरा कप चहा केला.

“काय करूलीस गं आत? बाहेर ये की,” जयाबाईंनी शालूबाईंना हाक मारली.

“देव पाण्यात घालूलीय आई,” दिपाली म्हणाली.

“मी भाकरी करूलोय,” आतून शालूबाई म्हणाल्या. “देव जाग्यावरच हाईत.”

दीड वाजला. पावणेदोन झाले. एक जण म्हणाला की साहेब लोकांचा एक म्हणजे चार असतो. परशराम उभेच होते, हात खटक्याशेजारच्या भिंतीवर टेकवून. थांबलेल्या मागाकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही.

एक वाजून बावन्न मिनिटांनी फोन वाजला. दिपालीने तो कानाला लावला आणि घरभर ठोके ऐकू आले. मगदूम हातोडा क्रमांक तीनजवळ उभे राहून बोलत होते.

“ऐकू येतंय का?” ते ओरडत होते.

दिपालीने सवयीने अंगठ्याकडे पाहिले. अंगठा मोकळा होता. तिने श्वास घेतला आणि खासबागेच्या आपल्या पूर्ण आवाजात म्हणाली, “येतंय, सर. बोला.”

“बघा प्रियाताई,” पलीकडून मगदूम कुणाला तरी म्हणाले, “ह्या गोंधळात मला नीट ऐकू येणारं हे पहिलं माणूस.” मग पुन्हा फोनमध्ये, “फुंकणी चार बोटं खाली घेतली. दुसरं काही केलं न्हाय. सोमवारी सकाळी आठला ये. मारुतीच्या हाताखाली तीन महिने, मग तुझी तू विभाग बघ. आणि तो विचारतोय, त्या खुणा आम्हा सगळ्यास्नी शिकवशील का म्हणून.”

“शिकवीन, सर. पण नापासांचा आकडा सांगा की.”

मगदूमांनी आकडा सांगितला. दिपालीने तो तितक्याच मोठ्याने परत उच्चारला, म्हणजे ओट्यावरच्या अकरांना, तिसऱ्या घराला आणि गल्लीच्या टोकाच्या सहा मागांच्या कल्लाप्पांनाही वेगळे कळवायची गरज राहिली नाही. जयाबाईंनी कानांवर हात ठेवले आणि हात तसेच ठेवून हसल्या. शालूबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. त्यांनी लेकीचा मोकळा अंगठा पाहिला, अंगठा ओठाला लावून सगळ्यांना पुन्हा एकदा चहा विचारला, आणि परशरामांनी खटका वर केला.

हातोडा क्रमांक तीन, बारा फेब्रुवारीची तपासणी: दांडे दोनशे, नापास तीन.